‘वजन कमी करा’ म्हटलं की झालं?

वजन वाढल्याचं सांगायला मराठीत गोड शब्द आहेत. ‘तब्येत सुधारली हं!’, ‘बाळसं धरलंय!’ दवाखान्यात मात्र हा गोडवा संपतो. गुडघा दुखतो म्हणून गेलेल्या बाईला गुडघा न बघताच ऐकावं लागतं, ‘आधी वजन कमी करा.’ ती मान डोलावते आणि पुन्हा तिकडे फिरकत नाही. मग तिचं बीपी, शुगर कोण तपासणार?

म्हणजे डॉक्टरांनी हा विषय काढूच नये का? तसं नाही. इंग्लंडमध्ये १,८८२ लठ्ठ रुग्णांवर झालेला एक प्रयोग २०१६ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. हे सगळे दुसऱ्याच तक्रारीसाठी आले होते. शेवटच्या अर्ध्या मिनिटात निम्म्यांना डॉक्टर नुसतं म्हणाले, वजन उतरलं तर तब्येतीला बरं. उरलेल्यांना त्यांनी बारा आठवड्यांच्या वर्गाला पाठवायची तयारी दाखवली, ‘हो’ म्हटल्यावर तिथेच नाव नोंदवलं, आणि परत भेटायलाही बोलावलं. वर्षाने पहिल्या गटाचं वजन सरासरी १.०४ किलो उतरलं होतं, दुसऱ्याचं २.४३ किलो. फरक डोंगराएवढा नाही, पण अर्ध्या मिनिटात आणखी काय हवं? आणि हे बोलणं अनुचित व निरुपयोगी वाटलेले रुग्ण ५०० मागे जेमतेम एक! रुग्ण रागावतील ही डॉक्टरांची भीतीच जास्त होती म्हणायची.

आपल्याकडे आणखी एक गोम आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन, दोघांचाही बीएमआय २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२! बारीक दिसणाऱ्या भारतीयाच्या पोटातही चरबी दडलेली असू शकते. म्हणून आपल्यासाठी बीएमआय २३ च्या पुढे जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. कंबर पुरुषांची ९० आणि बायकांची ८० सेंटिमीटरच्या आत हवी. हे नजरेने कळत नाही, त्याला टेप लागते. म्हणजे नुसतं बघून जाड्याला रागावायचं आणि बारक्याला सोडून द्यायचं, हे दोन्ही चूकच.

चांगले डॉक्टर आधी विचारतात, ‘वजनाबद्दल बोललं तर चालेल ना?’ मग घरात माणसं किती, महिन्याला तेल किती लागतं, रात्री जेवण किती वाजता, झोप किती, चालणं होतं का. असं विचारलं की माणूस आपणहून बोलू लागतो. आणि नाहीच विचारलं, तर आईबरोबर गेलेल्या तुम्हीच विचारा ना: ‘डॉक्टर, आधी कुठली एक गोष्ट बदलायची? आणि परत दाखवायला कधी यायचं?’