नर्सचं काम मोजायचं कसं? जालन्याचं उदाहरण घेऊन बघू

मित्रांनो, "सरकारी दवाखान्यात नर्सचं काम कसं असतं?" हा प्रश्न चांगला आहे, पण एवढ्यावर सिनॉप्सिस लिहिता येणार नाही. त्याचा संशोधन-प्रश्न कसा करायचा, ते आज पाहू.

आधी जागा समजून घ्या. जालना जिल्हा १ मे १९८१ ला झाला. तालुके आठ. मंठा, परतूर, भोकरदनकडचा गंभीर पेशंट 'रेफर' होऊन जालन्याला येतो आणि तिथं जमलं नाही तर पुढे छत्रपती संभाजीनगरच्या घाटीत जातो. म्हणजे जिल्हा रुग्णालय हा मधला थांबा आहे. खाट रिकामी नाही म्हणून इथं येणारा पेशंट थांबत नाही. त्यात २०२४ मध्ये जालन्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झालं.

आता आकडे. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष साधारण असा सांगितला जातो: शिक्षण रुग्णालयात ३ खाटांमागे १ नर्स, इतर रुग्णालयात ५ खाटांमागे १. समजा, ३० खाटांच्या वॉर्डाला ९ सिस्टर आहेत. भागाकार केला तर ३.३ येतात. कागदावर छान! आता ड्युटी चार्ट उघडा: सकाळी ३, दुपारी २, रात्री १, एक नाईट-ऑफवर, एकीची साप्ताहिक सुट्टी, एक रजेवर. झाल्या ९. म्हणजे रात्री ३० पेशंटला एकच सिस्टर. जमिनीवर गाद्या टाकल्या असतील तर त्याहून जास्त. म्हणून मंजूर पदं, भरलेली पदं आणि रात्री दोन वाजता हजर असलेल्या सिस्टर हे तीन आकडे कायम वेगळे लिहा.

याने खरंच फरक पडतो का? लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हानियातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नर्समागे एक पेशंट वाढला की शस्त्रक्रिया झालेल्या पेशंटचा ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी जास्त दिसली. पण तिथे एका नर्सकडे साधारण ४ ते ८ पेशंट होते. तो ७ टक्क्यांचा आकडा उचलून आपल्या ३० पेशंटच्या रात्रीला लावू नका. तिथून प्रश्न घ्या, उत्तर इथं शोधा.

दुसरी अडचण अशी की रजिस्टरमध्ये सगळं काम येत नाही. इंजेक्शन, सलाईन, टीपीआर लिहिलं जातं. चिडलेल्या नातेवाइकाला समजावणं, नसलेल्या औषधासाठी फोन करणं, बाळंतिणीच्या सासूला धीर देणं याला कॉलमच नाही. आर्ली हॉशचाइल्ड यांनी १९८३ मध्ये अशा कामाला 'भावनिक श्रम' म्हटलं. ते पकडायचं तर नुसती प्रश्नावली पुरत नाही. परवानगी घेऊन तिन्ही पाळ्यांत बसा, दर दहा मिनिटांनी काय चाललंय ते नोंदवा, मग मुलाखत घ्या. मुलाखत नाईट संपल्या-संपल्या नको. त्या माणसाला आधी झोपू द्या.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. एथिक्स कमिटीची मंजुरी आली, जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी आली, मेट्रनने सिस्टरला तुमच्यासमोर बसवलं. ती "हो" म्हणाली. ही संमती समजायची का? साहेबांनी सांगितल्यावर "नाही" म्हणणं तिला अवघड आहे. म्हणून संमती एकांतात, वरिष्ठ समोर नसताना घ्या आणि नकार दिला तरी कुणाला कळणार नाही हे स्पष्ट सांगा.

नाव बदलल्यानेही काम भागत नाही. "नवजात कक्षातल्या, परतूरच्या, बारा वर्षं नोकरी झालेल्या सिस्टर" असं लिहिलंत तर अख्खं रुग्णालय ओळखेल. तुमचा प्रबंध जमा होईल, तुम्ही डॉक्टर व्हाल. तिला मात्र त्याच वॉर्डात ड्युटी करायची आहे. गाव, कक्ष, नोकरीची वर्षं यातलं आवश्यक तेवढंच ठेवा.

आता वही घ्या आणि तुमचा प्रश्न एका वाक्यात लिहा: कोणता वॉर्ड, कोणती पाळी, नेमकं काय मोजणार? तीन वेळा खोडावं लागलं तरी चालेल.