सर्किटची पाटी घरी करताना : ड्रिल स्टँड कसा निवडावा?

इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा किंवा आयटीआय करणारी मुलेमुली आज आपल्या वस्त्यावस्त्यांतून दिसतात. शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट आला की घरात चिंता सुरू होते. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेत तयार प्रोजेक्ट विकत मिळतो. पैसे मोजले की काम झाले. पण उसनवारी करून असा प्रोजेक्ट आणला तर नुकसान दुहेरी होते. पैसा जातो तो जातोच, आणि तोंडी परीक्षेत परीक्षकाने "हा आयसी इथे काय करतो?" एवढे विचारले तरी मुलाची मान खाली जाते. म्हणून मी पालकांना सांगत असतो की पोरांना सर्किट स्वतःच्या हाताने करू द्या.

मी वाणिज्य शाखेचा, कारकुनी करणारा माणूस. मात्र अभ्यासिकेतल्या मुलांबरोबर बाजार हिंडतो आणि खर्चाची वही ठेवतो. त्या वहीवरून सांगतो, पाटी, आयसी, सोल्डर यांत फारसे वाया जात नाही. वाया जाते ते भोके पाडण्यात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तांब्याचा पातळ थर दिलेली पाटी दुकानात कॉपर क्लॅड म्हणून मिळते. तपकिरी असते ती कागदाची, तिला हायलम म्हणतात. फिकट हिरवट असते ती काचतंतूंची, म्हणजे ग्लास इपॉक्सी. तिच्यावर सर्किटचा नकाशा उतरवून फेरिक क्लोराईडच्या पाण्यात ठेवली की नको असलेले तांबे निघून जाते. मग प्रत्येक सुट्या भागाच्या प्रत्येक पायासाठी एक भोक पाडायचे. जयंतीला आपली मुले पळत्या दिव्यांचे जे साधे सर्किट करतात तेच घ्या. ५५५ आयसीचे ८ पाय, ४०१७ चे १६, दहा एलईडींचे २०, तीन रेझिस्टर आणि दोन कपॅसिटर मिळून १०, वीज जोडायला २. एवढ्याशा पाटीत ५६ भोके झाली! आयसीच्या दोन पायांतले अंतर २.५४ मिमी आणि भोक ०.८ मिमी. हात जरा हलला की बाजूचे तांबे उखडते.

त्यात बिटची गंमत निराळी. काचतंतूची पाटी साध्या लोखंडी बिटची धार लवकर मारते, म्हणून कार्बाईडचा बिट वापरतात. तो कठीण असतो आणि तितकाच ठिसूळ. सरळ खाली गेला तर शेकडो भोके पाडील, बाजूने दाब आला की कट्कन तुटेल. हातात धरलेले ड्रिल बाजूला झुकतेच. एका मुलाने एका संध्याकाळी चार बिट मोडले, तेव्हा त्याच्या आईने ड्रिलच उचलून माळ्यावर टाकले. तिचे काय चुकले?

स्टँड हवा तो यासाठी. पण दुकानात गेलो की दुकानदार मोटारीचे गुण गाऊ लागतो. इतके वॅट, इतके फेरे. घेणाराही तेच विचारतो. वास्तविक पाऊण मिमीच्या भोकाला ताकद अशी लागतच नाही. वेग हवा हे खरे, कार्बाईडला तर जितका जास्त तितका बरा. घरच्या कामाला मिनिटाला आठ-दहा हजार फेऱ्यांपासून पुढे चालते. पण पैसा घालायचा तो मोटार ज्यावरून खाली-वर सरकते त्या सरकीत आणि बिट धरणाऱ्या चकमध्ये. या दोन गोष्टी दुकानात उभ्या उभ्या तपासता येतात.

पहिली सरक. दांडा अर्धा खाली आणा आणि चकला बोटाने डावीकडे-उजवीकडे, पुढे-मागे ढकलून पाहा. हलले, तर कारखान्यात ज्याला 'प्ले' म्हणतात तो आहे. कागदावर पेन्सिलीने बारीक फुली काढा, वीज बंद ठेवून बिटचे टोक त्या फुलीवर दहा वेळा टेकवा. दहाही वेळा त्याच जागी टेकले तर स्टँड घेण्यासारखा. दर वेळी थोडे इकडे-तिकडे गेले, तर तो स्टँड कितीही चकचकीत असो, बिट मोडणारच.

दुसरी गोष्ट चकची. बारा व्होल्टच्या छोट्या ड्रिलबरोबर बहुधा पितळी चक येतो, तो मोटारीच्या दांड्यावर बाजूच्या बारीक स्क्रूंनी आवळलेला असतो. एकच स्क्रू गच्च केला की चक एका अंगाला सरकतो आणि फिरताना बिटचे टोक एकाऐवजी दोन दिसू लागते. दोन्ही स्क्रू थोडे थोडे, आळीपाळीने आवळले तर पुष्कळदा सुधारते. तरीही टोक धूसर दिसले तर दुसरा चक मागा. संकोच करू नका, पैसे आपण देतो आहोत.

आमच्या वसाहतीतल्या एका रिक्षावाल्याची मुलगी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होती. तिच्या वडिलांनी मला बरोबर नेले. दुकानदाराने एक मोठा स्टँड पुढे केला. तिने पर्समधून कागदाची पिन काढली, सरळ केली, झेडसारखी वाकवली आणि एक टोक चकमध्ये आवळले.

"काय करतेस ग?" वडिलांनी विचारले.

"थांबा पप्पा," म्हणाली, आणि पिनचे दुसरे टोक बैठकीला जेमतेम टेकेल इतका दांडा खाली आणून तिने चक हाताने फिरवला. एका बाजूला टोक घासत होते, समोरच्या बाजूला बैठकीपासून वर राहत होते.

"काका, स्टँड कललेला आहे," ती मला म्हणाली, "पण हे चालेल. पायाखाली पत्र्याची चकती घातली की झाले. हलतो किती, ते पाहू."

तिचे म्हणणे हिशेबाला धरून होते. नेहमीची पाटी १.६ मिमी जाड असते. बिट पाच अंश कललेला असला तरी पलीकडच्या बाजूला भोक जेमतेम ०.१४ मिमी सरकते. कल घरी सुधारता येतो, प्ले सहसा येत नाही. तो मोठा स्टँड मात्र चांगलाच हलत होता. तिने तो ठेवून दिला आणि त्याच्या निम्म्या उंचीचा, जड पायाचा घेतला.

घरी भिंतीला भोके पाडायचे मोठे ड्रिल आहे, त्यालाच स्टँड आणू, असा विचार अनेक जण करतात. असे स्टँड मिळतात, ड्रिलची मान ४३ मिमीची असेल तर बसतेही. तरी या कामाला मी ते सुचवणार नाही. १३ मिमी चकची पकड साधारण दीड मिमीपासून सुरू होते, त्यात बारीक बिट धरलाच जात नाही. कार्बाईड बिटचा मागचा दांडा ३.१७५ मिमीचा म्हणून तो बसतो, पण फेरे कमी पडतात आणि एवढे वजन बारीक भोकावर सांभाळणे कठीण. परदेशी बनावटीचे लहान बेंच ड्रिल उत्तम असते. किंमत ऐकून घ्यावी आणि पुढे चालावे. काही हुशार मुले ड्रॉवरच्या चॅनेलवर घरीच स्टँड करतात. एकच चॅनेल लावली तर हमखास हलते. दोन समांतर लावल्या तर काम भागते.

आणखी दोन-तीन गोष्टी पाहून घ्याव्यात. मागच्या खांबापासून बिटपर्यंतचे अंतर मोजावे. ते साडेसात सेंटिमीटर असेल तर पंधरा सेंटिमीटर रुंद पाटीच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी पोहोचता येते. वर नेणारी स्प्रिंग हलकी हवी. कडक असली की हात जोर लावतो आणि बिट पार होताच दणका बसतो. बारा व्होल्टची मोटार घेतली तर अडॅप्टर निदान दोन अँपिअरचा घ्यावा, नाहीतर मोटार भोकातच अडकते. जुन्या संगणकाचा पॉवर सप्लाय मिळाला तर त्याची पिवळी तार बारा व्होल्टची असते.

स्टँड जाड फळीवर बोल्टने पक्का करावा. एका खोलीच्या घरात फळीसकट खाटेखाली सरकवता येतो. पाटीखाली दर वेळी टाकाऊ प्लायचा तुकडा ठेवावा, म्हणजे खालच्या बाजूने भोक फाटत नाही. नकाशा काढतानाच प्रत्येक ठिपक्याच्या मध्ये बारीक कोरी जागा सोडावी. तांबे गेल्यावर तिथे खळगा राहतो आणि बिट आपोआप त्यात बसतो. हे एक केले तरी निम्मे बिट वाचतात.

डोळ्यांवर चष्मा घातल्याशिवाय मोटार सुरू करू देऊ नका. तुटलेला बिट कुठे उडेल याचा नेम नाही. काचतंतूची भुकटी छातीला वाईट. तोंडाला मास्क हवा, आणि ती झाडूने न उडवता ओल्या फडक्याने पुसावी. पाळण्यातले मूल असेल त्या खोलीत हे काम नको. वेणी, ओढणी बांधून घ्यावी. हातमोजे मात्र घालू नयेत, ते फिरत्या चकमध्ये ओढले जातात.

आता संगणकावर नकाशा काढून पाठवला की कारखान्यातून भोके पाडलेली पाटी कुरिअरने घरी येते, तीही परवडणाऱ्या दरात. मग ही खटपट कशाला, असे मुले विचारतात. अंतिम पाटी खुशाल तशी मागवा. पण पहिल्या पाटीत चूक निघतेच, आणि सादरीकरण चार दिवसांवर आलेले असते. त्या वेळी घरी रात्री केलेली पाटी सकाळी हातात असते.

प्रत्येक घराने स्टँड घ्यावाच असे नाही. चार-पाच मुलांत एक पुरतो. आमच्याकडे तो अभ्यासिकेच्या कपाटात असतो, नेणाऱ्याने वहीत सही करायची. बिट मात्र ज्याचे त्याने आणायचे.