फडात दुखापत झाली तर

दसरा झाला की तमाशाचे फड गावोगाव निघतात. चैत्र-वैशाखात जत्रा भरतात. तेव्हा तर फडाला एका दिवसाची उसंत नसते. गावाबाहेर कनात लागते. रात्री ढोलकीवर थाप पडते. गण होतो, गौळण होते, वग रंगतो. पहाटे आपण घरी जाऊन झोपतो. फडातील माणसे मात्र कनात सोडतात, सामान ट्रकात भरतात आणि पुढच्या गावची वाट धरतात.

पाहणाऱ्याला हे काम मौजेचे वाटते. पण ते जोखमीचे आहे. नाचताना फळी निसटते. ओल्या जमिनीवर विजेच्या तारा पडलेल्या असतात. जागरणाने डोळा लागतो आणि ट्रक खड्ड्यात जातो.

समजा, एका फडात एक ढोलकीवाला आहे. त्याला आपण रामा म्हणू. रामाने हंगामासाठी मालकाकडून उचल घेतली. एका पहाटे ट्रकातून सामान उतरवताना लोखंडी खांब त्याच्या पायावर पडला. हाड मोडले. रामा म्हणाला, "मालक, दवाखान्याच्या खर्चाचं कसं?"

मालक म्हणाले, "अरे, तू काय माझा नोकर आहेस? तू कलावंत. तुझं-माझं कंत्राट आहे. कागदावर तुझा अंगठा आहे. आणि उचल तरी कुठं फिटलीय अजून?"

रामा गप्प बसला. कागदावर अंगठा आहे म्हणजे सगळे संपले, असे त्याला वाटले.

खरेच संपले काय? नाही.

नाव नव्हे, काम पाहतात

कागदावर 'कंत्राट' लिहिले म्हणून माणूस कंत्राटदार होत नाही. न्यायालय खरी वागणूक पाहते. कोणत्या गावी जायचे, हे कोण ठरवतो? किती वाजता उभे राहायचे, कोणता वग करायचा, हे कोण सांगतो? कनात, दिवे, ट्रक कोणाचे? सुपारीचे पैसे कोण घेतो? या सर्वांचे उत्तर 'मालक' असेल, तर रामा मालकाच्या हाताखालचा माणूस ठरू शकतो.

याची एक जुनी गोष्ट आहे. सौराष्ट्रात ध्रांगध्रा येथील एका कंपनीच्या मिठागरात आगरिया लोक मीठ पिकवत. त्यांना पगार नव्हता. जितके मीठ, तितके पैसे. कामाचे तास ठरलेले नव्हते. मदतीला ते स्वतः माणसे लावत. कंपनी म्हणाली, "हे कंत्राटदार आहेत, कामगार नव्हेत." तंटा सर्वोच्च न्यायालयात गेला. १९५६ साली न्यायालयाने सांगितले की, कामावर देखरेख आणि हुकूम कंपनीचा आहे, म्हणून हे कामगारच आहेत. तो खटला भरपाईचा नव्हता, दुसऱ्या कामगार कायद्याचा होता. पण कोण कामगार आणि कोण कंत्राटदार, हे पाहण्याची रीत त्यातून कळते.

कायदा काय देतो

कामावर दुखापत झाली तर भरपाई द्यावी, असा कायदा आपल्या देशात १९२३ साली झाला. आता त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली आहे. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली.

कामामुळे आणि काम चालू असताना अपघात झाला, तर मालकाने भरपाई द्यायची. मालकाची चूक दाखवावी लागत नाही. दुखण्याने काम तीन दिवसांपेक्षा जास्त बुडाले पाहिजे. दारूच्या नशेत इजा झाली, तर भरपाई नाकारता येते. पण माणूस दगावला किंवा कायमचा पुरता निकामी झाला, तर ही सबबही चालत नाही.

भरपाई अशी असते. औषधपाण्याचा खरा खर्च मिळतो. काही काळ काम बुडाले तर दर पंधरवड्याला महिन्याच्या मजुरीचा चौथा हिस्सा मिळतो. रामाची मजुरी १०,००० रुपये धरली, तर पंधरवड्याला २,५०० रुपये होतात. माणूस दगावला, तर मजुरीच्या निम्म्या रकमेला वयाच्या आकड्याने गुणतात. चाळिसाव्या वर्षाचा आकडा १८४.१७ आहे. ५,००० गुणिले १८४.१७ म्हणजे ९,२०,८५० रुपये. ते त्याच्यावर अवलंबून असलेल्या बायकामुलांचे.

आणि अंगठ्याचे काय? "इजा झाली तर भरपाई मागणार नाही," असे लिहून दिले असले, तरी तो करार कायद्यात रद्दच ठरतो.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. कायद्याला कामांची एक यादी जोडलेली आहे. गाडी चालवणे, गाडीत माल भरणे व उतरवणे ही कामे तीत आहेत. रामाला इजा झाली ती माल उतरवतानाच. आपले काम यादीत कोठे बसते, हे वकिलाकडून पाहून घ्यावे.

लगेच काय करावे

सरकारी दवाखान्यात जावे. इजा कशी व कोठे झाली, ते डॉक्टरला सांगून कागदावर लिहून घ्यावे. मालकाला लेखी कळवावे. उचलीची चिठ्ठी, कार्यक्रमाची पत्रिका, फोटो जपून ठेवावे. पाहिलेल्या दोघा-तिघांची नावे लिहून ठेवावी. आता तुम्हाला लिहिता येते. त्याचा उपयोग येथे करा.

भरपाईचा अर्ज दोन वर्षांच्या आत सक्षम प्राधिकाऱ्याकडे करायचा असतो. अपघात परगावी झाला म्हणून अडत नाही. आपण राहतो त्या भागातील प्राधिकाऱ्याकडेही अर्ज चालतो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. बायांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना तेथे वकील फुकट मिळतो. १५१०० या नंबरवर फोन करूनही विचारता येते.

ट्रक उलटला, तर मोटार अपघात न्यायाधिकरणाकडेही जाता येते. तो अर्ज सहा महिन्यांच्या आत करावा. पण दोन्हीकडून भरपाई मिळत नाही. एक वाट निवडावी लागते.

ज्याचा मालक तोच

काही जण खरोखरच स्वतंत्र असतात. स्वतःचे जनरेटर आणि दिवे घेऊन येणारा आज या फडात, तर उद्या लग्नात. त्याला फडमालकाकडून भरपाई मिळणे कठीण. अशाने आपली सोय आधीच करावी. बँकेत खाते असेल, तर प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना घेता येते. वय १८ ते ७० लागते. वर्षाला २० रुपये खात्यातून कापले जातात. अपघाती मृत्यू झाला तर वारसांना २ लाख रुपये मिळतात. एक हात, एक पाय किंवा एक डोळा कायमचा गेला तर १ लाख मिळतात. फडातल्या प्रत्येकाने हा विमा घ्यावा. मालकाचे देणे त्याने कमी होत नाही.

रामा आता काय करील? तो गप्प बसणार नाही. तो मालकाशी भांडणारही नाही. तो म्हणेल, "मालक, उचलीचा हिशोब वेगळा, पायाचा वेगळा. उचल मी फेडीन. पायाचं तुम्ही बघा." आणि दुसऱ्या दिवशी त्याची बायको कागद घेऊन तालुक्याला जाईल.