बर्फातला नवा कॅमेरा : बिघाड कोणता आणि थंडी कोणती?

उत्तरकाशी जिल्ह्यातील सांकरी गावातून केदारकांठ्याच्या सुमारे १२,५०० फूट उंचीच्या माथ्यावर जाणारी वाट ऐन हिवाळ्यात बर्फाखाली असते आणि त्याच दिवसांत तिच्यावर महाराष्ट्रातून आलेल्या ट्रेकर मंडळींचीही वर्दळ असते. सह्याद्रीत हिवाळा हा छायाचित्रणाला सर्वांत सोयीचा ऋतू असल्यामुळे नवा कॅमेरा थेट हिमालयातच पारखून पाहण्याचा मोह अनेकांना होतो. मात्र तेथे त्याचे जे वागणे दिसते, त्याला यंत्रातील दोष मानण्याची घाई बहुधा चुकीची ठरते.

पहिला गैरसमज बॅटरीविषयीचा आहे. रात्री पूर्ण भरलेली बॅटरी पहाटेच्या चढणीवर अचानक मान टाकते, तेव्हा थंडीने ती रिकामी केली असे मानले जाते. वस्तुतः लिथियम-आयन बॅटरीत विद्युतभारित कण ज्या द्रवातून, म्हणजे इलेक्ट्रोलाइटमधून, ये-जा करतात तो थंडीत दाट होतो, बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो आणि कॅमेऱ्याने वीज मागताच व्होल्टेज इतके घसरते की, बॅटरी संपली असे समजून यंत्र स्वतःच बंद होते. साठवलेली ऊर्जा बरीचशी आतच असते, त्यामुळे तीच बॅटरी अंगालगतच्या खिशात काही वेळ ठेवली की पुन्हा चालते. याउलट गोठणबिंदूखाली गेलेली बॅटरी पॉवर बँकेला जोडून चार्ज करणे मात्र खरोखर घातक असते, कारण अशा वेळी आत लिथियम धातूचा थर साचून तिची क्षमता कायमची घटते. कॅमेऱ्याला लोकरी मोजा चढवण्याचा उपायही लोकप्रिय आहे. पण मोज्यातला पाय स्वतः उष्णता निर्माण करतो, बंद कॅमेरा करत नाही, एवढा फरक त्यात विसरला जातो. लोकर त्याचे थंड होणे लांबवते, इतकेच.

दुसरा गैरसमज दवाविषयीचा असून तो अधिक महाग पडू शकतो. तंबूतून बाहेर पडताना कॅमेरा जिवापाड जपला जातो, परंतु बाहेरची हवा थंड आणि कोरडी असल्याने त्या वेळी धोका कमीच असतो. खरा धोका परतताना असतो : डाळीच्या आणि चहाच्या वाफेने भरलेल्या जेवणाच्या तंबूत गारठलेला कॅमेरा उघडा नेला की त्या वाफेचे पाणी भिंगावर जमते आणि लेन्स बदलण्यासाठी तो तेथेच उघडला तर संवेदकावरही, म्हणजे प्रकाशाचे विद्युतसंकेतांत रूपांतर करणाऱ्या पट्टीवरही, जमू शकते. म्हणून आत शिरण्यापूर्वीच कॅमेरा हवाबंद पिशवीत घालावा आणि तो तंबूतल्या हवेइतका उबदार होईपर्यंत पिशवी उघडू नये. दव मग पिशवीच्या बाहेरच्या बाजूला धरते.

बर्फ लख्ख असल्याने प्रकाश कमी घ्यावा, हा तिसरा समज तर्काला धरून वाटला तरी वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करडे आहे असे गृहीत धरतो, तर ताजे बर्फ त्यावर पडलेल्या दृश्य प्रकाशापैकी ८० ते ९० टक्के परत पाठवते. परिणामी यंत्र प्रकाश आपणहून कमी करते आणि बर्फ राखेसारखे मळकट उतरते. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनची, म्हणजे मापकाचा निर्णय दुरुस्त करण्याची, चकती +१ ते +२ पर्यंत फिरवली की शुभ्रपणा परत येतो. निकाल पडद्यावर डोळ्यांनी जोखू नये, कारण भर उन्हात पडदा निस्तेज भासतो. त्याऐवजी उजेड-अंधाराचे वाटप दाखवणारा हिस्टोग्रामचा आलेख पाहावा आणि तो उजव्या कडेला आदळत नाही ना, याची खात्री करावी. सावल्यांतील निळसर छटेबद्दलही कॅमेऱ्याला उगाच दोष दिला जातो, वास्तविक सावलीतील बर्फावर थेट सूर्याचा नव्हे तर निळ्या आकाशाचा प्रकाश पडत असतो.

उंचीवर अतिनील किरण वाढतात हे खरे असले, तरी त्यासाठी यूव्ही फिल्टर घ्यावाच लागतो हा फिल्मच्या काळातला वारसा आहे. डिजिटल संवेदकापुढे हे किरण अडवणारी काच सहसा आधीपासूनच असते, त्यामुळे असा फिल्टर उरतो तो भिंगाला ओरखड्यांपासून वाचवण्यापुरता.