पत्त्यावरची गावं

३१ मे २०१६ च्या संध्याकाळी मी तारखेचा शिक्का पुसून जागेवर ठेवला आणि पोस्टातून बाहेर पडलो. सदतीस वर्षं कामावर गेल्यावर पहिलं काम तेच असायचं. शिक्क्यातले आकडे बदलायचे, कोऱ्या कागदावर ठसा उमटवून बघायचा आणि मगच टपालाला हात घालायचा. घरी बसल्यावर पहिले काही महिने सकाळच्या त्या वेळेला हात अगदी रिकामा वाटायचा. बायकोनं ते ओळखलं. रोज पान फाडायचं कॅलेंडर तिनं भिंतीला लावलं आणि पान फाडायचं काम माझ्याकडं दिलं. ते अजून माझ्याकडंच आहे.

आता त्याला दहा वर्षं होत आली. या दहा वर्षांत मी हिंगोली जिल्हा पाहिला. वाचणाऱ्याला हे नवल वाटेल, कारण माझा जन्म इथला आणि सगळी नोकरीही हिंगोली, वसमत आणि कळमनुरीच्या पोस्टांत गेली. पाच तालुक्यांतली गावं मला पाठ होती. कोणतं गाव कोणत्या शाखा डाकघराखाली येतं, कोणती थैली कोणत्या गाडीनं जाते, एकाच नावाची दोन गावं कुठल्या तालुक्यांत आहेत, हे झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. पण ती गावं मी पाहिलेली नव्हती. पत्त्यापुरतीच ओळख होती. एखाद्या घरी दर महिन्याला सैन्यातल्या मुलाचं पत्र जातं हे ठाऊक असायचं, ते घर विहिरीजवळ आहे की पारापाशी, हे ठाऊक नसायचं.

पत्त्यांनीही बरंच पाहिलं आहे. मी नोकरीला लागलो तेव्हा हे सगळं परभणी जिल्ह्यात होतं. १ मे १९९९ ला हिंगोली वेगळा जिल्हा झाला, पण पुढं कितीतरी वर्षं पाकिटांवर ‘जि. परभणी’ येतच राहिलं. बाहेरगावी गेलेली मुलं सवयीनं तसंच लिहायची. पत्र मात्र अडायचं नाही, कारण जिल्हा बदलला तरी हिंगोलीचा पिन कोड ४३१५१३ तोच राहिला होता.

गावं पाहायला निघालो ते अर्ध्या तिकिटामुळं. २०२१ मध्ये मला पासष्ट पुरी झाली आणि एसटीत निम्मं भाडं लागू झालं. मार्च २०२३ पासून बायकांनाही निम्मं तिकीट झालं. म्हणजे एका माणसाच्या पैशांत आम्ही दोघं जायला लागलो. महिन्यातून एक दिवस ठरलेला. सकाळच्या गाडीनं जायचं, संध्याकाळी घरी. डब्यात भाकरी, कारळाची चटणी, कधी धपाटे. त्या मार्गावरचा कंडक्टर आता विचारतच नाही, नुसता म्हणतो, “मामा, दोन हाफ. आज कुठं चाललाव?”

सगळ्यात आधी नर्सीला गेलो. आधीही गेलो होतो, पण यात्रेच्या गर्दीत, पाय टेकवून परत. आषाढीनंतरच्या वद्य एकादशीला, परतवारीला, तिथं माणसांचा पूर लोटतो. पंढरपूरला जाऊन आलेला वारकरी नामदेवांच्या गावी येऊन वारी पुरी करतो. या वेळी मुद्दाम साधा मंगळवार निवडला. कयाधूच्या काठावर दोघं निवांत बसलो. प्रल्हादाच्या आईचं नाव या नदीला आहे. पावसाळ्यात दोन्ही काठ धरून वाहणारी ही नदी उन्हाळ्यात डबक्याडबक्यांनी उरते, पण काठावरची सावली कमी होत नाही.

नर्सीची आठवण माझ्या टेबलाशीही बांधलेली आहे. नामदेव पंजाबात जाऊन राहिले, त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत, त्यामुळं नर्सीला पंजाबातून भाविक येतात. गुरुद्वाराही आहे. एकदा वर्गीकरणात गुरुमुखीत लिहिलेलं पोस्टकार्ड हाती आलं. पिन कोड तेवढा कळत होता. मी ते बाजूला ठेवलं आणि नांदेडच्या गाडीसाठी थांबलेल्या एका सरदारजींकडून वाचून घेतलं. त्यांनी पत्ता वाचला आणि कार्ड परत देताना कपाळाला लावलं. १२७० साली जन्मलेल्या माणसाच्या नावानं अजून टपाल येतं, हे मला त्या दिवशी नीट कळलं. ही गोष्ट बायकोला मी त्या काठावर बसल्यावर पहिल्यांदा सांगितली. एवढी वर्षं कशी राहून गेली कोण जाणे.

सेनगाव तालुक्यातलं कडोळी एका दुपारी पाहिलं. नानाजी देशमुखांचं जन्मगाव. शिरड शहापूरला जैन मंदिर पाहून लगेच परतलो, ऊन फार होतं. इसापूरच्या धरणावर वारा इतका होता की डबा उघडता आला नाही.

औंढ्याला मात्र वर्षातून दोन-तीनदा जाणं होतं. नागनाथाच्या गाभाऱ्यात वाकून, अरुंद पायऱ्यांनी खाली उतरावं लागतं. गुडघे दुखायला लागल्यापासून मी वरूनच हात जोडतो आणि बायको खाली जाऊन येते. तोवर मी देवळाच्या भिंतीवरची शिल्पं बघत प्रदक्षिणा घालतो. एक हत्ती, एक नर्तकी, एक तुटलेला हात, असं थोडं थोडं दर वेळी पाहतो. घाई नसली की दगडही वाचता येतो.

त्याच औंढ्याजवळ, दुधाळ्याच्या बाजूला, लायगोची, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणारी, प्रयोगशाळा उभी राहणार आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्रानं तिला तत्त्वतः मान्यता दिली, माझ्या निवृत्तीच्या तीन महिने आधी. एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटींचा खर्च मंजूर झाला. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या, त्यांतून लेसरचा किरण, टोकाला आरसे. कोट्यवधी वर्षांपूर्वी कुठं दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली असतील, तर त्याची लहर इथून जाताना त्या नळ्यांची लांबी प्रोटॉनच्या व्यासापेक्षाही कैक पटींनी कमी अंतरानं बदलणार आणि ते यंत्र तेवढं टिपणार. एवढं बारीक ऐकायचं तर आजूबाजूला गलका चालत नाही. मोठे कारखाने नाहीत, गाड्यांची वर्दळ कमी, म्हणून शास्त्रज्ञांनी देशभरातल्या जागा तपासून ही निवडली. याच शांततेला कंटाळून, इथं काहीच घडत नाही म्हणून, आमची मुलं गाव सोडून जातात. मी नातवाला फोनवर हे सगळं समजावून सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदाच म्हणाला, “आबा, मला तिकडं यायचंय.”

जमीन मात्र आमची अगदीच गप्प नाही. वसमत तालुक्यात पांगरा शिंदेच्या भागात गेली काही वर्षं भूगर्भातून आवाज येतात. १० जुलै २०२४ ला सकाळी सव्वासातच्या सुमाराला ४.५ तीव्रतेचा धक्का बसला. मी कॅलेंडरचं पान फाडत होतो, स्वयंपाकघरात मांडणीवरचे पेले वाजले. सगळी गल्ली रस्त्यावर आली. त्याआधी मार्चमध्येही असाच धक्का बसला होता. त्या दिवशी दोन तास आम्ही शेजाऱ्यांच्या ओट्यावर बसलो, कुणीतरी चहा केला, कुणी मुरमुऱ्यांचा सुशीला करून आणला. भीती होतीच, पण गल्लीतल्या नव्या भाडेकरूंची नावं मला त्या सकाळी कळली.

दर महिन्याच्या या भटकंतीशिवायचे दिवस हिंगोलीतच जातात. पहाटे जलेश्वर तलावाकडं फेरी. कट्ट्यावर आम्ही पाच जण बसायचो. कोरोनाच्या काळात दोघं गेले. त्यांच्या जागेवर कुणी बसत नाही. कुणी सांगितलेलं नाही, तरी नवीन येणाराही कडेलाच बसतो. मग पेपर, बाजार, दुपारची झोप आणि संध्याकाळी स्टेशन. २००८ मध्ये रुळ रुंद झाले. त्याआधीच्या मीटरगेजच्या गाडीनं आमच्या थैल्या यायच्या. पावसात गाडी उशिरा आली की आम्ही रात्री कंदील घेऊन फलाटावर उभे. आता मी कुणाची वाट बघत नसतो, तरी अकोल्याकडून येणारी गाडी दिसली की उठून उभा राहतो.

दसऱ्याचे दिवस मात्र वेगळे. आमच्याकडं म्हणतात, दसरा पहावा तर म्हैसूरचा, त्याखालोखाल हिंगोलीचा. दीडशे वर्षांहून जुनी ही परंपरा खाकीबाबा मठाची आहे. रामलीला मैदानावर प्रदर्शन लागतं, पाळणे फिरतात, रात्री रामलीला चालते. नोकरीत असताना मी रावणदहनापुरता जायचो. निवृत्तीनंतर एका वर्षी रामलीला पहिल्या रात्रीपासून शेवटपर्यंत बसून पाहिली.

आणि हळद. उन्हाळ्याच्या तोंडावर हिंगोली वासानंच कळते. शेतात हळद काढतात, शिजवतात, दोन आठवडे वाळवतात, पॉलिश करतात आणि मग गाड्या मार्केट यार्डाच्या दिशेनं लागतात. पूर्वी कढईत शिजायची, शेतात रात्रभर जाळ असायचा, आता वाफेचे कुकर आले. संत नामदेव हळद मार्केटमध्ये मी कधीमधी जाऊन उभा राहतो. कांडीचा ढीग वेगळा, गोळ्याचा वेगळा. लिलावाला तिथं बीट म्हणतात. आमच्या पोस्टमनच्या फेरीलाही आम्ही बीटच म्हणायचो, म्हणून तो शब्द कानावर आला की क्षणभर मला टपालच आठवतं. २०२४ मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. मला त्याचा आनंद झाला, पण ती किती चांगली आहे हे मला पोस्टाच्या पार्सलांनी फार आधी सांगितलं होतं. उन्हाळ्यात आया सासरी गेलेल्या लेकींना वर्षाची हळद पाठवायच्या. मांजरपाटाच्या कापडात शिवलेली पार्सलं, टाक्यांवर लाख, पत्ता निळ्या शाईत. कितीही घट्ट शिवा, हळद झिरपायचीच. पार्सल पिवळं, त्याखालची पत्रं पिवळी, माझे तळवे पिवळे. घरी गेल्यावर बायको म्हणायची, “कुणाच्या लग्नात होतात?”

त्यांतलं एक पार्सल दरवर्षी कळमनुरी तालुक्यातल्या एका गावाहून सोलापूरला जायचं. अक्षर नेहमी एकच. दोन वर्षांपूर्वी आम्ही त्या गावात गेलो. पत्ता अजून आठवत होता. दारात लिंबाचं झाड होतं, ते पत्त्यात कधी नव्हतं. पार्सल पाठवणारी म्हातारी आता नाही. तिच्या सुनेनं पाणी दिलं आणि सांगितलं, हळद अजून पाठवतो, फक्त आता लक्झरीनं. निघताना तिनं ओंजळभर कांड्या बायकोच्या ओटीत घातल्या.

रजिस्टर टपाल २०२५ मध्ये स्पीड पोस्टात मिसळलं. पोस्टकार्ड मात्र अजून पन्नास पैशांना मिळतं. वडोदऱ्याला आमच्याबरोबर ट्रेनिंगला असलेल्या चौघांना मी दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एकेक कार्ड टाकतो. आज लिहिलेल्या कार्डांत पांगऱ्याचं, नातवाचं आणि यंदाच्या हळदीच्या भावाचं आहे. तुमचं कुणी अशा लहान गावात राहत असेल, तर त्यांनाही एक कार्ड टाका. पत्ता पूर्ण लिहा, पिन कोड विसरू नका. कार्ड वेळेवर पोचतं.