गणिताची भीती कोण पेरतो?

चौथी संपवून पाचवीसाठी हायस्कुलात पाऊल ठेवणाऱ्या मुलाला एकाच वेळी अनेक नव्या गोष्टींना तोंड द्यावे लागते. इमारत नवी, सोबती नवे, प्रत्येक विषयाला शिक्षक निराळा. आणि गावोगावच्या सरकारी मराठी प्राथमिक शाळांतून येणाऱ्या मुलांच्या बाबतीत बहुधा माध्यमही नवे. यांपैकी बहुतेक गोष्टींशी मूल थोड्या आठवड्यांत जुळवून घेते. एका विषयाशी मात्र अनेकांचे जमता जमत नाही, आणि तो विषय म्हणजे गणित. चौथीपर्यंत खड्या आवाजात पाढे म्हणणारे मूल सहामाहीच्या सुमारास गणिताची वही दप्तराच्या तळाशी सारू लागते. वर्गात शिक्षकांची नजर टाळते. मग घरातली वडीलधारी माणसे एका वाक्यात निकाल लावून मोकळी होतात, ‘याला गणितात गती नाही!’ हा निकाल देण्याची आपल्या समाजाला विलक्षण घाई आहे. त्या घाईविरुद्धच आज आम्हांस लिहावयाचे आहे.

मुलाची बुद्धी चौथी आणि पाचवी यांच्यामधल्या सुटीत गंजून जात नाही. आंबे-फणस खाऊन कोणी मठ्ठ झाल्याचे आमच्या ऐकिवात नाही! तेव्हा बदलले ते मूल नव्हे. त्याच्या भोवतालचे बरेच काही बदलले. काय बदलले हे नीट पाहिले तर उपायही तेथेच सापडतील.

पहिला बदल भाषेचा. प्राथमिक शिक्षणाच्या माध्यमाचा वाद आम्ही येथे उकरून काढू इच्छीत नाही. १९९० साली सरकारने अनुदान प्रादेशिक भाषांतून शिकविणाऱ्या प्राथमिक शाळांपुरते ठेवले आणि २०११ साली ते इंग्रजी माध्यमाच्या शाळांनाही देण्याचा निर्णय घेतला. त्यावर रणे माजली, आणि आमची मते वाचकांना ठाऊक आहेत. परंतु कोणतीही बाजू घेतली तरी एक गोष्ट शिल्लक राहतेच. मराठीतून चार वर्षे गणित शिकलेले मूल पाचवीत इंग्रजी गणिताच्या पुस्तकासमोर बसते, तेव्हा त्याला येत असलेले गणितही त्याला येईनासे होते.

हे कसे घडते? मराठीत आपण ‘नऊमधून चार वजा करा’ म्हणतो. मूल ऐकता ऐकता आधी नऊ लिहिते, मग चार. इंग्रजीत तीच आज्ञा ‘सब्ट्रॅक्ट फोर फ्रॉम नाईन’ अशी येते. मूल सवयीने आधी चार लिहून मोकळे होते, आणि उत्तर चुकते. मराठीत ‘चारपैकी तीन’, इंग्रजीत ‘थ्री आउट ऑफ फोर’. येथेही क्रम उलटा. मराठीत त्रेसष्ट म्हणताना तीन आधी येतात व साठ मागाहून. इंग्रजीत सिक्स्टी आधी, थ्री नंतर. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ असे वाचन दिले गेले, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ उठला होता! त्या वादात कोणाचे बरोबर हा प्रश्न बाजूला ठेवू. पण संख्येचे नाव आणि तिचे लेखन यांचा क्रम जुळला नाही की लहान मूल अडखळते, एवढे त्यातून सर्वांच्या ध्यानी यायला हवे होते. ‘सिक्स्टी थ्री’ ऐकून ३६ लिहिणाऱ्या मुलाला मोजता येत नाही असे समजणे म्हणजे भाषेच्या अडचणीचा दोष बुद्धीच्या माथी मारणे होय.

शिवाय मराठीतल्या गणिती संज्ञा बहुधा स्वतःचा अर्थ स्वतःच सांगतात. जो पूर्ण नाही तो अपूर्णांक. ज्याला तीन कोन तो त्रिकोण. ‘फ्रॅक्शन’, ‘न्यूमरेटर’, ‘डिनॉमिनेटर’ हे शब्द मात्र मुलाला केवळ घोकावे लागतात. अंश आणि छेद त्याला पक्के येत असतात, पण हे तेच, असे त्याला कोणी सांगत नाही. हे सांगण्यास किती वेळ लागतो? पहिल्या महिन्यात रोज पाच मिनिटे. वर्गाच्या भिंतीवर दोन रकान्यांचा एक तक्ता: एका बाजूस मराठी वा कोकणी शब्द, दुसऱ्या बाजूस इंग्रजी. एवढ्याने मुलाला उमगते की आपण रिकाम्या हातांनी आलेलो नाही. जवळचे धन फक्त दुसऱ्या नाण्यांत मोडून घ्यायचे आहे.

दुसरा बदल खुद्द गणिताच्या स्वरूपाचा, आणि तो इंग्रजी माध्यमातून पहिलीपासून शिकलेल्या मुलांनाही चुकत नाही. प्राथमिक शाळेत मुलाने काही नियम अनुभवाने बांधलेले असतात. गुणले की वाढते. भागले की घटते. मोठा अंक म्हणजे मोठी संख्या. वरच्या वर्गांत हे नियम एकेक करून मोडू लागतात. आठाला अर्ध्याने गुणले तर चारच उरतात. सहाला अर्ध्याने भागले तर चक्क बारा होतात. आठ चारापेक्षा मोठा, पण अष्टमांश चतुर्थांशापेक्षा लहान. ज्या जमिनीवर उभे होतो तीच सरकली असे मुलाला वाटले तर त्यात नवल ते काय? येथे ‘असेच असते, पाठ कर’ म्हणणारा शिक्षक मुलाचा विश्वास गमावतो. उलट, एका नारळाच्या दोन कवडी होतात, मग सहा नारळांची अर्धी किती, असे विचारणारा शिक्षक सहा भागिले अर्धा म्हणजे काय हे एका वाक्यात सांगून जातो.

या बाबतीत आपल्या भाषेने केवढी शिदोरी बांधून दिली आहे! आमच्या आजोबांची पिढी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी म्हणत वाढली. औट म्हणजे साडेतीन. आज तो शब्द उच्चारला तर नातवंडे तोंडाकडे पाहतील. त्या घोकंपट्टीचे आम्ही गोडवे गात नाही. पण अपूर्णांक त्या पिढीच्या जिभेवर होते, आणि त्यांचे भय तिला नव्हते. पावणेपाच, सव्वासहा, दीड किलो, अडीच मीटर हे शब्द आजही घरोघरी चालू आहेत. चवथीच्या बाजारात माटोळीचे सामान घेताना, अर्धा किलोचा भाव कळल्यावर पावणेदोन किलोंचे किती होतील, हे मुलालाच सांगू द्यावे. चुकले तर चुकू द्यावे; बाजार काही त्यामुळे बंद पडत नाही.

ऋण संख्यांचे तेच. ब्रह्मगुप्ताने ६२८ साली या संख्यांचे नियम सांगितले ते धन आणि ऋण, म्हणजे मालमत्ता आणि कर्ज, याच शब्दांत. गावच्या दुकानात उधारीची वही पाहिलेल्या मुलाला शून्याच्या खाली काय असते हे शिकवावे लागत नाही. फक्त आठवण करून द्यावी लागते. अज्ञात राशीसाठी अक्षर वापरण्याच्या कल्पनेने मुले बिचकतात, पण आपल्या प्राचीन गणितींनी त्याच कामासाठी ‘यावत्तावत्’ असा शब्द आणि पुढे कालक, नीलक अशी रंगांची नावे वापरली होती. ‘क्ष’ हा कोणी राक्षस नव्हे. जे अजून ठाऊक नाही त्याला ठेवलेले ते तात्पुरते नाव आहे. दामोदर धर्मानंद कोसंबींसारखा गणिती १९०७ साली याच गोव्यात जन्मला. तेव्हा हा विषय आपल्या मातीला परका आहे असे मानण्याचे कारण नाही.

तिसरा बदल सर्वांत घातक, कारण तो आम्हा मोठ्यांच्या जिभेचा आहे. ‘आता गणित कठीण होणार हं!’ हे वाक्य मुलाच्या कानी जूनपूर्वीच पडू लागते. ‘आमच्या घरात गणित कोणालाच नव्हते,’ असे कौतुकाने सांगणारे पालक मुलाला अपयशाची सबब आधीच हातात देतात. शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास या संदर्भात डोळ्यांत अंजन घालणारा आहे. त्यांनी पहिली-दुसरीतील अमेरिकन मुले पाहिली. ज्या पालकांना स्वतःलाच गणिताची धास्ती होती आणि तरीही जे वारंवार मुलांच्या गृहपाठात लक्ष घालीत, त्यांची मुले वर्षअखेर गणितात कमी शिकलेली आणि अधिक धास्तावलेली आढळली. तसेच धास्तावलेले पालक जेथे कमी मदत करीत, तेथे हा दुष्परिणाम दिसला नाही. त्यापूर्वी २०१० साली त्याच प्रकारच्या दुसऱ्या अभ्यासात असे आढळले होते की गणिताला भिणाऱ्या शिक्षिकांच्या वर्गातील मुलींपैकी कित्येकींना वर्षअखेर ‘गणित मुलग्यांचे’ असे वाटू लागले, आणि अशा मुलींचे गणितही मागे पडले. ही मुले आमच्या पाचवीच्या मुलांहून लहान होती, देशही दुसरा; पण भीती घरातून आणि फळ्यापासून मुलापर्यंत कशी पोहोचते हे त्यातून स्पष्ट होते. ‘मुलीला कशाला हवे एवढे गणित?’ हा प्रश्न आपल्याकडेही अजून पुरता मेलेला नाही.

भीतीने नेमके काय बिघडते तेही समजून घेण्यासारखे आहे. मनात हिशेब करताना जी पाटी लागते ती प्रत्येकाची लहानच असते. ‘चुकलो तर सर काय म्हणतील, मुले हसतील काय,’ या विचारांनी अर्धी पाटी भरली की हातचा ठेवायला जागाच उरत नाही. घरी येणारे गणित परीक्षेत का येत नाही, याचे बरेचसे उत्तर येथे आहे. घड्याळ लावून घेतलेल्या चाचण्या, भर वर्गात वाचलेले गुण, फळ्यापाशी उभे करून केलेला पाणउतारा, यांनी मुले गणित शिकत नाहीत. ती उत्तर लपवायला शिकतात.

यावर कोणी म्हणेल की मग मुलांचे लाडच करायचे काय? पाढे नकोत, सराव नको, नुसती शाबासकी? आमचे म्हणणे तसे मुळीच नाही. पाढे आलेच पाहिजेत; ते येत असले की मनाच्या पाटीवर जागा मोकळी राहते. आत्मविश्वास कौतुकाने येत नाही, जमल्याने येतो. म्हणून मुलाला जमेल अशा पायरीपासून आरंभ करावा आणि रोज एक पायरी चढवावी. शाबासकी द्यायची ती ‘हुशार आहेस’ म्हणून नव्हे, तर ‘ही रीत तू स्वतः शोधलीस’ म्हणून. आणि चूक झाली की वही फेकण्याऐवजी ‘कोणत्या ओळीपर्यंत बरोबर होते?’ असे विचारावे. बहुतेक वेळा चार ओळी बरोबर असतात आणि पाचवी चुकलेली असते; त्या चार ओळी मुलाच्या पदरात पडल्या पाहिजेत.

सराव कंटाळवाणाच असतो असेही नाही. डहाणूस १९०५ साली जन्मलेले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हे देवळाली येथील एक शाळामास्तर. त्यांनी शोधलेली गंमत आज जगभर त्यांच्या नावाने ओळखली जाते. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाने मांडलेली संख्या वजा करा, आणि उत्तरावर तेच पुन्हा करा. ३५२४ घेतले तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. कोणतीही संख्या घेतली तरी फार तर सात वजाबाक्यांत ६१७४ येतेच, आणि मग तेथून हलत नाही. पाचवीच्या मुलाला हे सांगून पाहावे. हातच्यांच्या पंचवीस वजाबाक्या ते न सांगता करील, आणि चुकलेली आपण होऊन शोधील, कारण ६१७४ आले नाही तर कोठे तरी चुकले हे त्याचे त्यालाच कळते.

आता कोणी काय करावे? इंग्रजी न येणाऱ्या आईने खंत करू नये. संध्याकाळी दहा मिनिटे मुलाला समोर बसवून ‘आज काय शिकलास ते मला शिकव’ एवढेच तिने म्हणावे. स्वतःच्या भाषेत जे समजावून सांगता येते तेच खऱ्या अर्थाने समजलेले असते. पाचवीपासून घाईघाईने शिकवणी लावणाऱ्यांनी ती मुलाला विचार करायला लावते की केवळ गृहपाठ उतरवून देते, हे पाहावे. हायस्कुलांतील शिक्षकांवर पोर्शन संपविण्याचे ओझे असते, वर्ग मोठे असतात, हे आम्ही जाणतो. तरीही पहिल्या पंधरवड्यात गुण न देता, तोंडी, प्रत्येक मुलाला काय येते हे त्यांनी चाचपावे; पुढचे कित्येक महिने त्याने वाचतील. गावच्या प्राथमिक शिक्षकाने आणि हायस्कुलातील गणिताच्या शिक्षकाने वर्षातून एकदा तरी समोरासमोर बसावे. आणि शिक्षण खात्याने चौथी सोडणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हाती गणिती शब्दांची एक दुभाषी पुस्तिका द्यावी. तिचा खर्च सरकारी जाहिरातीच्या एका पानाहून फारसा अधिक होणार नाही, असा आमचा अंदाज आहे.

गणित सोडलेल्या मुलासाठी पुढे विज्ञान, तंत्रनिकेतन, हिशेबनीसाचे काम, इतकेच काय, बँकेच्या कर्जाचे व्याज स्वतः तपासून पाहण्याचे सामर्थ्य, ही सारी दारे एकामागून एक लोटली जातात. ती दहाव्या वर्षी लोटली जावीत, आणि तीही मुलाच्या बुद्धीमुळे नव्हे तर आमच्या उतावीळ निकालामुळे, हे कोणत्याही सुजाण समाजाला शोभणारे नाही. पाचवीतले मूल अडखळले तर ‘याला गती नाही’ म्हणण्यापूर्वी ते कोणत्या शब्दावर अडले, एवढे तरी आपण त्याला विचारू या.