विकत घेतलेल्या ई-पुस्तकाचा मालक कोण?

जुलै २००९ मध्ये अमेरिकेतल्या अनेक वाचकांच्या किंडलवरून दोन पुस्तके नाहीशी झाली. दोन्ही जॉर्ज ऑर्वेलची, ‘१९८४’ आणि ‘ॲनिमल फार्म’. ज्याने ती ॲमेझॉनच्या दुकानात विक्रीला ठेवली होती, त्याच्याकडे अमेरिकेपुरते प्रकाशनाचे हक्क नव्हते. हे लक्षात आल्यावर कंपनीने विक्री तर थांबवलीच, पण विकून झालेल्या प्रतीही दुरूनच पुसून टाकल्या आणि पैसे परत केले. एका शाळकरी मुलाने अभ्यासासाठी पुस्तकात टिपणे केली होती. मूळ मजकूरच गेल्यावर ती टिपणे निरुपयोगी ठरली. जेफ बेझोस यांनी जाहीर माफी मागितली, त्या मुलाने केलेला दावा पुढे तडजोडीने मिटला. तेव्हापासून एक विधान मात्र सगळीकडे रूढ झाले आहे: डिजिटल वस्तू तुमची कधी होतच नाही, तुम्हाला मिळतो तो नुसता परवाना. बहुतेक दुकानांच्या करारात लिहिलेले असते तेवढ्यापुरते हे खरे आहे. पण त्यावरून लोक जो निष्कर्ष काढतात तो खरा नाही. डिजिटल वस्तूचा स्वभावच तसा, त्याला कोण काय करणार, असे मानले की ग्राहकाने हक्क मागण्याचा प्रश्नच संपतो. ही मालकी तंत्रज्ञानामुळे आपोआप गेलेली नाही. विक्रेत्याने विकल्यानंतरही किल्ली स्वतःकडे ठेवली आणि कायद्याने त्याला ती ठेवू दिली, म्हणून मालकी गेली.

कागदी पुस्तकापासून सुरुवात करू, कारण गोंधळ तिथेच सुरू होतो. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात जुने पुस्तक विकत घेणाऱ्याला त्या पुस्तकाचा कॉपीराइट मिळत नाही. तो त्याच्या हजार प्रती छापू शकत नाही, त्यावर चित्रपट काढू शकत नाही. पण ती एक प्रत पूर्णपणे त्याची असते. ती तो विकू शकतो, वाचनालयाला देऊ शकतो, मुलीसाठी ठेवू शकतो, समासात हवे ते लिहू शकतो. कलाकृतीवरचा हक्क वेगळा आणि प्रतीवरची मालकी वेगळी, ही फारकत आज इतकी सवयीची झाली आहे की ती कागदाच्या निसर्गातूनच आली असे वाटते. तसे नाही. १९०४ मध्ये अमेरिकेतल्या बॉब्ज-मेरिल या प्रकाशन संस्थेने ‘द कास्टअवे’ ही कादंबरी काढली आणि आतल्या पानावर सूचना छापली: किंमत एक डॉलर, याहून कमी दराने विकण्याचा परवाना कोणत्याही दुकानदाराला नाही, तशी विक्री झाल्यास ती कॉपीराइटचा भंग समजली जाईल. न्यूयॉर्कच्या मेसीज या दुकानाने ती ८९ सेंटला विकली. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९०८ मध्ये निकाल प्रकाशकाच्या विरोधात लागला. एकदा प्रत विकली की तिच्या पुढच्या विक्रीवर कॉपीराइटच्या जोरावर अटी लादता येणार नाहीत, असे न्यायालयाने सांगितले. पुढे हे तत्त्व अमेरिकेच्या कायद्यात आले. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही साहित्यकृतीच्या प्रती लोकांत आणण्याचा हक्क लेखकाला देताना आधीच प्रसारात असलेल्या प्रती वगळलेल्या आहेत. म्हणजे आज ई-पुस्तकाच्या करारात दिसणारी परवान्याची भाषा सव्वाशे वर्षांपूर्वी कागदी पुस्तकावरही छापून पाहिली गेली होती. तेव्हा न्यायालयाने ती मानली नाही, एवढाच फरक.

मग हेच तत्त्व फायलीला का लागू झाले नाही? रिडिजी नावाच्या अमेरिकी कंपनीने आयट्यून्सवरून घेतलेली गाणी पुन्हा विकण्याची सोय काढली होती. विकणाऱ्याच्या संगणकावरची फाइल पुसली जाईल याची व्यवस्थाही तिने केली होती. तरी डिसेंबर २०१८ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने निकाल दिला की फाइल एका यंत्रावरून दुसऱ्यावर जाते तेव्हा नवी प्रत तयार होते, आणि नवी प्रत करण्याचा हक्क ग्राहकाला नाही. युक्तिवाद कायद्याच्या शब्दाला धरून आहे. पण युरोपात काय झाले तेही पाहिले पाहिजे. २०१२ मध्ये ओरॅकल आणि यूजडसॉफ्ट यांच्या वादात युरोपीय संघाच्या न्यायालयाने सांगितले की कायमच्या वापरासाठी पैसे मोजून डाउनलोड केलेले सॉफ्टवेअर पुन्हा विकता येते, कंपनी त्याला परवाना म्हणो की आणखी काही. त्याच न्यायालयाने २०१९ मध्ये ई-पुस्तकांच्या बाबतीत उलट निकाल दिला, कारण तिथे लागू होणारा कायदा वेगळा होता. सॉफ्टवेअरही फाइल, ई-पुस्तकही फाइल, न्यायालयही तेच, आणि उत्तरे दोन. डिजिटलपणातच मालकीला अडसर असता तर ही दोन उत्तरे निघालीच नसती.

इथे एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. कागदी पुस्तक झिजते, पाने सुटतात. फाइल हजाराव्या हाती गेली तरी पहिल्या दिवसासारखीच राहते. तिची पुनर्विक्री मोकळी केली तर नव्या प्रती कोण घेईल, आणि लेखकाने जगायचे कसे? मला हा आक्षेप पुनर्विक्रीपुरता पटतो. मराठीसारख्या लहान बाजारात तर तो अधिकच पटतो. पण त्यातून फक्त पुनर्विक्रीवर मर्यादा निघते. विकलेली प्रत परत काढून घेण्याचा अधिकार त्यातून निघत नाही, ती दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर वाचू न देण्याचाही निघत नाही. पुस्तक ठेवणे, हवे तिथे वाचणे, त्याची जपणुकीसाठी प्रत काढून ठेवणे यांनी लेखकाचा एक रुपयाही बुडत नाही. वाद पुनर्विक्रीचा असल्यासारखा मांडला जातो आणि त्याच्या आडून हे साधे हक्कही नाकारले जातात.

चोरीच्या भीतीने फायलीला नक्कल रोखणारे कुलूप लावावेच लागते, हा दुसरा पक्का समज. ॲपलने जानेवारी २००९ मध्ये आयट्यून्सवरची गाणी बिनकुलपाची विकायचा निर्णय जाहीर केला, मोठ्या संगीत कंपन्यांच्या संमतीने. त्यानंतरही गाणी विकली जात राहिली. पोलंडमधले जीओजी हे दुकान २००८ पासून बिनकुलपाचे गेम विकत आले आहे. डाउनलोड केलेली फाइल ग्राहक आपल्या डिस्कवर ठेवू शकतो आणि दुकानाला न विचारता चालवू शकतो. कुलूप तोडणे हा सरसकट गुन्हा, हेही आपल्याकडे अर्धसत्य आहे. भारतीय कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५अ हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंतच्या कैदेची शिक्षा सांगते. हेतूची ही अट महत्त्वाची आहे. अमेरिकेचा १९९८ चा कायदा याहून कडक आहे.

डिस्क किंवा कार्ड हातात असले की निर्धास्त, असे मानणारेही पुष्कळ आहेत. युबिसॉफ्टचा ‘द क्रू’ हा गेम २०१४ मध्ये डिस्कवरही विकला गेला होता. ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने सर्व्हर बंद केले आणि डिस्क असणाऱ्यांचाही गेम बंद पडला, कारण तो सर्व्हरशी जोडल्याशिवाय सुरूच होत नव्हता. निन्टेन्डोच्या स्विच २ साठीच्या काही कार्डांत तर गेमच नसतो, फक्त डाउनलोडची किल्ली असते. हातात प्लास्टिक आहे याला अर्थ नाही. ती वस्तू विक्रेत्याला न विचारता चालते का, यावर सारे अवलंबून आहे. यावर कंपन्या म्हणतात की सर्व्हर जन्मभर चालवायचे का? तशी मागणी कोणी केलेलीच नाही. ‘स्टॉप किलिंग गेम्स’ या मोहिमेचे म्हणणे एवढेच आहे की सर्व्हर बंद करताना गेम चालू शकेल अशा अवस्थेत सोडा. युरोपात या मागणीवर २०२५ मध्ये दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. ते अशक्य नाही हे खुद्द युबिसॉफ्टच्या कृतीतून दिसते: सप्टेंबर २०२४ मध्ये तिने याच मालिकेतल्या पुढच्या दोन गेमसाठी ऑफलाइनची सोय देणार असल्याचे जाहीर केले.

सप्टेंबर २०२४ मध्येच कॅलिफोर्नियाने एक कायदा केला आणि तो १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. आता विकत घेतलेली डिजिटल वस्तू काढून घेता येणार नाही, असा त्याचा अर्थ अनेकांनी लावला. कायद्यात तसे काही नाही. विक्रेत्याला ‘खरेदी करा’ असे बटण ठेवायचे असेल तर हा परवाना आहे आणि तो रद्द होऊ शकतो हे ग्राहकाला ठळकपणे सांगावे लागेल, इतकेच त्यात आहे. सांगून काढून घेता येतेच. मला या कायद्यातला अपवाद जास्त मोलाचा वाटतो. जी फाइल ग्राहकाला कायमची उतरवून घेता येते आणि इंटरनेटशिवाय वापरता येते, तिच्या विक्रीला हा इशारा लागत नाही. म्हणजे फाइल खरोखर विकता येते हे कायद्याने लिहून मान्य केले आहे, आणि त्यासाठी काय करावे लागते तेही सांगितले आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये ॲमेझॉनने किंडलची पुस्तके संगणकावर उतरवून यूएसबीने यंत्रात टाकण्याची सोय बंद केली. या कसोटीवर ते पाऊल नेमके उलट्या दिशेचे आहे.

मासिक वर्गणीबद्दल माझी तक्रार नाही. स्टोरीटेलची वर्गणी थांबवली की मराठी ऑडिओबुके ऐकता येत नाहीत, हे घेणाऱ्याला आधीपासून माहीत असते. भाडे हे भाडे म्हणून घेतले तर व्यवहार सरळ आहे. अन्याय होतो तो पूर्ण किंमत घेऊन भाड्याचे हक्क देण्यात. डिसेंबर २०२३ मध्ये सोनीने प्लेस्टेशनवर विकलेले डिस्कव्हरीचे कार्यक्रम ग्राहकांच्या संग्रहातून काढण्याची सूचना दिली होती. करार नव्याने झाल्यामुळे ते टळले, पण दोन कंपन्यांमधला करार संपला म्हणून तिसऱ्याने पैसे देऊन घेतलेली वस्तू जाऊ शकते, हे त्यातून कळले. वारशाचेही तसेच. अभिनेता ब्रूस विलिस आपली गाणी मुलींना मिळावीत म्हणून ॲपलवर खटला भरणार, ही २०१२ मधली बातमी खोटी होती. अडचण मात्र खरी आहे. मृत्यूनंतर वारसाला खाते उघडून देणारी ॲपलची सोय फोटो आणि पत्रे देते, विकत घेतलेली गाणी, चित्रपट आणि पुस्तके देत नाही.

‘मी सहमत आहे’ वर टिचकी मारली की सगळे संपले, हा शेवटचा समज आपल्याकडे सर्वांत घट्ट आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ई-कॉमर्सच्या व्याख्येत डिजिटल उत्पादने स्पष्टपणे घेतली आहेत. त्याच कायद्यात अन्याय्य कराराची कल्पना आहे, आणि पुरेशा कारणाशिवाय एका बाजूने करार संपवण्याचा अधिकार देणारी अट त्यात नावानिशी मोडते. करारावर सही असली तरी ग्राहक आयोग अशी अट रद्दबातल ठरवू शकतो. अडचण वाटेची आहे. अन्याय्य कराराची तक्रार जिल्हा आयोगात चालत नाही, ती राज्य किंवा राष्ट्रीय आयोगात न्यावी लागते. दोनशे-तीनशे रुपयांच्या ई-पुस्तकासाठी एकटा वाचक तिथवर जाणार नाही. मात्र याच कायद्यानुसार समान हित असलेल्या अनेक ग्राहकांच्या वतीने एकत्र तक्रार करता येते आणि नोंदणीकृत ग्राहक संघटनाही तक्रार दाखल करू शकतात. महाराष्ट्रात ग्राहक पंचायतीची चळवळ १९७४ पासून, बिंदुमाधव जोशी यांनी ती पुण्यात उभी केली तेव्हापासून काम करते आहे. वजनमापातली फसवणूक आणि छापील किमतीपेक्षा जास्त आकारणी यांवर या चळवळीने जसे लक्ष घातले, तसे ते आता ई-पुस्तकांच्या करारातल्या कलमांवर घालण्याची वेळ आली आहे, आणि त्यासाठी नवा कायदा होईपर्यंत थांबण्याची गरज नाही.